टाइप करताना टचपॅडने गप्प बसावं : वाचनालयाच्या लॅपटॉपच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५

वाचनालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम आजपासून सुरू. पुण्यातल्या एका कार्यालयाने वापरून बाजूला काढलेले लॅपटॉप दिले आहेत. मशीन जुनी आहेत, पण पडदे चांगले आहेत आणि कळा अजून खणखणीत. सगळ्यांवर डेबियन १३ हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप बसवला. सत्र एक्स११चं आहे, वेलँडचं नाही; पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळणाऱ्या या दोन वेगळ्या यंत्रणा. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण टचपॅडची सेटिंग कुठे करायची ते यावरच ठरतं. वेलँडवर एक्सऑर्गच्या (म्हणजे एक्स११ चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाईल कुणी वाचतच नाही, तिथे सगळा कारभार डेस्कटॉपकडे असतो. पुढे कुणी हीच वही उघडून जीनोमवर (वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर) तेच करायला गेलं तर अर्धा दिवस वाया जाईल.

टायपिंग इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीत. नोंदी चढवणाऱ्या ताई आणि गुरुजी दोघंही त्याच कीबोर्डवर शिकलेले आहेत, त्यामुळे फोनेटिकचा विषयच नाही.

११ सप्टेंबर

ताईंची तक्रार: "लिहिता लिहिता कर्सर भलतीकडेच जातो." शेजारी बसून बघितलं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. हलन्त इंग्रजी डीच्या कळेवर. ग्रंथसूचीत जोडाक्षरांची रेलचेल असते, म्हणजे डावं मधलं बोट सारखं त्या कळेवर जातं, आणि प्रत्येक वेळी डाव्या अंगठ्याखालचा मांसल भाग टचपॅडच्या वरच्या कडेला किंचित टेकतो. तेवढ्याने क्लिक होतं. कर्सर वरच्या ओळीत जातो आणि पुस्तकाच्या नावाची उरलेली अक्षरं आधीच्या नोंदीच्या लेखकाच्या रकान्यात पडतात.

हे नुसतं त्रासदायक नाही. पडद्यावर चूक दिसली तर दुरुस्त करता येते. पण ताईंची नजर वहीवर असते, पडद्यावर नाही. दाखल क्रमांक बरोबर आणि लेखकाचं नाव बिघडलेलं, अशी नोंद एकदा आत गेली की पुन्हा कुणी ती मूळ वहीशी ताडून बघणार नाही. त्यामुळे या प्रकल्पात टचपॅडचं पहिलं काम ठरलं: टाइप चालू असताना गप्प बसणं. वेग, स्क्रोल, तीन बोटांच्या करामती, सगळं त्यानंतर.

सध्यापुरतं त्या मशीनवर टॅप (पॅडला नुसतं बोट टेकवून होणारं क्लिक) बंद केलं. कर्सर उडायचा थांबला, पण माऊसचा बाण अजून थरथरतो, म्हणजे मूळ दुखणं आत आहेच. शिवाय ताईंना टॅप हवं आहे, खालची बटणं दाबताना त्यांचं बोट दुखतं.

लिबइनपुट, म्हणजे कीबोर्ड-टचपॅडच्या घटना हाताळणारा लिनक्समधला भाग, मुळात टॅप बंदच ठेवतं. सवय नसलेल्या माणसाकडून नकळत क्लिक होऊ नये, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. पण इथे ज्याचं बोट दुखतं त्याला टॅप मिळालंच पाहिजे.

१२ सप्टेंबर

गोष्ट अशी की हा त्रास एकाच मशीनवर आहे. बाकीच्यांवर टॅप चालू ठेवून, अंगठा मुद्दाम टेकवून टाइप केलं तरी काही होत नाही.

आधी ड्रायव्हर कुठला ते बघितलं. एक्सऑर्गच्या लॉगमध्ये "युझिंग इनपुट ड्रायव्हर" असं शोधलं की प्रत्येक उपकरणापुढे नाव मिळतं. सगळीकडे लिबइनपुट. हे तपासणं गरजेचं होतं, कारण जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर चुकून बसवलेला असेल तर त्याची फाईल ७०पासून सुरू होते आणि लिबइनपुटची ४०पासून. फाईल क्रमाने वाचल्या जातात आणि मागून येणारी वरचढ ठरते. मग लिबइनपुटची सेटिंग कितीही बदलली तरी ढिम्म फरक पडत नाही. त्या जुन्या ड्रायव्हरला टायपिंगच्या वेळी पॅड बंद करायला सिनडीमन नावाचा वेगळा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालवावा लागे. लिबइनपुटमध्ये ही सोय आतच आहे.

मग "लिबइनपुट लिस्ट-डिव्हाइसेस" रूट म्हणून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवलं. टचपॅडच्या खाली "डिसेबल-डब्ल्यू-टायपिंग: एनेबल्ड". चांगल्या मशीनवरही अक्षर न् अक्षर तेच. इथे एक लक्षात ठेवायचं: ही आज्ञा मूळ ठरलेली मूल्यं दाखवते, चालू सत्रात काय लागू आहे ते नाही. ते बघायला "एक्सइनपुट लिस्ट-प्रॉप्स". तिथेही टायपिंगची सोय चालू, आकडा १.

म्हणजे सोय चालू आहे आणि तरी काम करत नाही.

१३ सप्टेंबर

सापडलं.

हे पॅड गप्प बसवणं कसं चालतं ते आधी. लिबइनपुट लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आणि स्वतःचा टचपॅड यांची जोडी लावतं. त्या कीबोर्डवर कळ दाबली गेली की पॅड थोडा वेळ बहिरा होतो: एखादीच कळ असेल तर २०० मिलिसेकंद, सलग टायपिंग असेल तर ५००. कंट्रोलसारख्या कळा यात धरत नाहीत, नाहीतर कंट्रोल दाबून क्लिक करणंच अशक्य झालं असतं. बाहेरून जोडलेल्या यूएसबी कीबोर्डशी अशी जोडी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. तो कीबोर्ड हातभर लांब असू शकतो, तिथून तळवा पॅडवर कसा येणार?

तर ही जोडी लागते की नाही ते डोळ्यांनी बघता येतं. "लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स" ही आज्ञा "व्हर्बोस"सह चालवायची. चांगल्या मशीनवर सुरुवातीच्या ओळींमध्येच "डीडब्ल्यूटी अ‍ॅक्टिव्हेटेड विथ" (डीडब्ल्यूटी म्हणजे टायपिंगच्या वेळी पॅड बंद ठेवायची सोय) असं येतं आणि पुढे दोन नावं: सिनॅप्टिक्स टचपॅड आणि एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड. ताईंच्या मशीनवरही हीच ओळ आली, हीच दोन नावं. मग टाइप करून बघितलं. कळांच्या घटना येत होत्या, पण त्यांच्यापुढे उपकरण होतं "कीडी व्हर्च्युअल कीबोर्ड".

तिथेच उलगडा झाला. या मशीनची बॅकस्लॅशची कळ मेलेली आहे. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर ॉ आहे आणि शिफ्टसह ऑ. ग्रंथसूचीत दर दोन-चार नोंदींनी कुणीतरी डॉ. असतंच, त्यामुळे ती कळ नसून चालत नाही. म्हणून कीडी हा प्रोग्रॅम बसवून कॅप्सलॉकवर बॅकस्लॅश दिला होता. मराठीत कॅप्सलॉकचं कामच नसतं, जागा रिकामीच होती. एक्सकेबीमधूनही (एक्स११च्या कीबोर्ड मांडणीतून) हे करता आलं असतं, पण कीडी त्याच्या खालच्या थरात काम करतं, त्यामुळे लॉगिनच्या पडद्यावर आणि नुसत्या कन्सोलवरही कळ चालते.

पण खालच्या थरात काम करायचं म्हणजे कीडी खऱ्या कीबोर्डवर पूर्ण ताबा घेतं. त्यावरून निघालेली एकही घटना दुसऱ्या कुणापर्यंत पोचत नाही. कीडी ती वाचतं, हवी तशी बदलतं आणि स्वतः तयार केलेल्या आभासी कीबोर्डवरून पुढे पाठवतं. लिबइनपुटने जोडी लावली ती खऱ्या कीबोर्डशी, आणि तो तर आता मुका. अक्षरं येतात आभासी कीबोर्डवरून, आणि तो लिबइनपुटच्या हिशेबी लॅपटॉपचा भागच नाही. सगळे घटक आपापल्या जागी बरोबर वागत आहेत, फक्त आभासी कीबोर्ड घरचाच आहे हे लिबइनपुटला कुणी सांगितलेलं नाही.

१४ सप्टेंबर

उपाय छोटा आहे. ईटीसी फोल्डरात लिबइनपुट नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात "लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स" ही फाईल. क्वर्क्स म्हणजे एखाद्या उपकरणापुरते लिबइनपुटला सांगितलेले खास नियम. चौकटी कंसात कुठलंही शीर्षक, आणि खाली तीन ओळी:

मॅचयूदेवटाइप = कीबोर्ड
मॅचनेम = कीडी व्हर्च्युअल कीबोर्ड
अ‍ॅट्रकीबोर्डइंटिग्रेशन = इंटर्नल

(प्रत्यक्ष फाईलमध्ये ही नावं अर्थातच रोमन लिपीत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा न सोडता.)

"लिबइनपुट क्वर्क्स व्हॅलिडेट" चालवून फाईलमध्ये चूक नाही ना ते बघितलं. मग "क्वर्क्स लिस्ट" या आज्ञेला आभासी कीबोर्डचा इव्हेंट क्रमांक दिला, तर तिसरी ओळ जशीच्या तशी परत आली, म्हणजे नियम त्या उपकरणाला लागला. क्वर्क्स उपकरण जोडताना एकदाच वाचले जातात, त्यामुळे लॉगआउट करून परत आत आलो. डीबगमध्ये आता जोडीची आणखी एक ओळ, तिच्यात कीडीचं नाव.

टॅप पुन्हा चालू केलं. ताईंनी नोंदवहीचं एक पूर्ण पान चढवलं, अंगठा नेहमीसारखाच टेकत होता. कर्सर जागचा हलला नाही. "आता गप्प बसलं बाई," म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

एक कोपरा राहिला होता. कीडीच्या फाईलमध्ये आयडीच्या जागी तारका (*) असेल तर ते जोडलेल्या प्रत्येक कीबोर्डवर ताबा घेतं. उद्या कुणी यूएसबी कीबोर्ड लावला तर त्याचीही अक्षरं त्याच आभासी कीबोर्डवरून येतील आणि पॅड विनाकारण बंद पडत राहील. म्हणून तारका काढून लॅपटॉपच्या कीबोर्डचाच आयडी लिहिला: ०००१:०००१. "कीडी मॉनिटर" चालवून कळ दाबली की हा क्रमांक दिसतो.

२० सप्टेंबर

गुरुजींची अडचण बरोबर उलटी. त्यांच्या बोटाला पॅड दादच देत नाही. दोन-तीनदा घासावं लागतं, मग बाण निघतो आणि मध्येच थांबतो. माझं बोट ठेवलं की पॅड उत्तम चालतो. हयातभर खडू धरलेली बोटं, टोकं कोरडी आणि कडक, आणि स्पर्श अगदी हलका.

हे पॅड दाब मोजत नाहीत. बोट जवळ आल्यावर विद्युतधारितेत होणारा बदल मोजतात आणि त्याच्या जोरावरून एक आकडा काढतात. लिनक्समध्ये तो "प्रेशर" या नावाने येतो, पण खरं तर बोटाचा किती भाग किती नीट टेकला याचा तो अंदाज असतो. कोरडं, टोकावर टेकवलेलं बोट म्हणजे लहान आकडा. ही धारितेवर चालणारी गादी लॅपटॉपमध्ये रुळली ती अॅपलच्या १९९४च्या पॉवरबुक ५०० मालिकेपासून, त्याआधी तिथे फिरता गोळा असे. आणि सिनॅप्टिक्स ही कंपनी १९८६मध्ये काढली फेदेरिको फाजिन आणि कार्व्हर मीड यांनी. इंटेलच्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेमागचे फाजिन ते हेच. गुरुजींना हे सांगितलं तर पाच मिनिटं काम थांबवून त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"लिबइनपुट मेझर टचपॅड-प्रेशर" चालवलं. सुरुवातीलाच कळतं की सध्याची मर्यादा ३०:२५ आहे: आकडा ३०वर गेला की बोट टेकलं असं धरायचं, २५च्या खाली आला की उचललं. गुरुजींना म्हटलं, नेहमीसारखं फिरवा, मुद्दाम दाबू नका. हे सांगणं फार महत्त्वाचं. मोजतोय म्हटलं की माणूस लगेच जोर लावतो आणि मोजणी फुकट जाते. त्यांचे आकडे पंचविशीच्या आसपास घुटमळत होते, अधूनमधून तिशी ओलांडत. बाण का अडखळतो ते तिथेच दिसलं: आकडा मर्यादेच्या वर-खाली होतोय, म्हणजे लिबइनपुटच्या लेखी बोट सारखं टेकतंय आणि उचललं जातंय.

त्याच क्वर्क्स फाईलमध्ये दुसरा विभाग: टाइप टचपॅड, नाव सिनॅप्टिक्सचं पूर्ण नाव, आणि "अ‍ॅट्रप्रेशररेंज = १८:१४". आधी १२:८ घालून बघितलं होतं, पण मग पॅडच्या वर नुसतं तरंगणारं बोटही मोजलं जायला लागलं. १८:१४ला दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. हा आकडा या पॅडचा आणि या हाताचा आहे, दुसऱ्या मशीनवर चिकटवायचा नाही, मोजूनच घ्यायचा.

मर्यादा खाली आणली म्हणजे तळव्याचे स्पर्शही जास्त पकडले जाणार. पण गुरुजींच्या मशीनवर कीडी नाही, टायपिंगची जोडी आपोआप लागलेली आहे, त्यामुळे लिहिताना काही होत नाही. पहिली सोय पक्की असेल तरच ही दुसरी सवलत देता येते.

२६ सप्टेंबर

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये एका मशीनवर ओळ दिसली: तुमचा टचपॅड वेगळ्या बसवरही (म्हणजे माहिती नेणाऱ्या दुसऱ्या जोडणीवरही) चालू शकतो, "पीएसमाऊस.सिनॅप्टिक्स_इंटरटच" १ करून बघा आणि लिनक्स-इनपुटच्या यादीला कळवा. पीएस/२ या सध्याच्या जुन्या जोडणीवर हे पॅड सेकंदाला साधारण ८० वेळा स्थिती सांगतात आणि दोनच बोटांच्या जागा नीट कळवतात, तिसऱ्या बोटाची नुसती हजेरी लागते. एसएमबस या दुसऱ्या जोडणीवरून आरएमआय४ पद्धतीने बोलू दिलं तर प्रत्येक बोटाची जागा मिळते आणि बाण मऊ चालतो.

मॉडप्रोबच्या फोल्डरात एका ओळीची फाईल केली, इनिट्रॅमएफएस (मशीन सुरू होताना आधी वाचली जाणारी फाईल) नव्याने बांधली, मशीन परत चालू केलं. बाणाची चाल खरोखर सुधारली. पण दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे उपकरणाचं नावच बदललं. एक्सएफसीई टचपॅडची सेटिंग नावानिशी साठवतं आणि क्वर्क्सचा नियमही नावानेच जुळतो, तेव्हा या मशीनची सगळी जुनी सेटिंग निरुपयोगी. दुसरी जास्त जड: झाकण मिटून उघडलं की कधी कधी पॅड मेलेला. पीएसमाऊस हे पॅडचं ड्रायव्हर मॉड्यूल काढून परत घातलं की जिवंत होतो, पण हे मी करू शकतो, ताई नाहीत.

बदल मागे घेतला. ग्रंथसूचीला तीन बोटं लागत नाहीत. झाकण उघडल्यावर पॅड चालणं मात्र रोज लागतं.

३ ऑक्टोबर

काल दसरा. लॅपटॉपची पूजा झाली, झेंडूच्या पाकळ्या कळांच्या फटीत. ब्रशने काढल्या.

आज स्क्रोल. लांब सूचीत दोन बोटं जराशी हलली की पाच-सात नोंदी निघून जातात आणि जागा हरवते. लिबइनपुटमध्ये टचपॅडच्या स्क्रोलचा वेग बदलायची सोयच नाही, ते काम ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅमने करावं अशी त्यांची भूमिका. पण एक्स११च्या लिबइनपुट ड्रायव्हरमध्ये "स्क्रोलपिक्सेलडिस्टन्स" आहे. बोट किती सरकलं म्हणजे चाकाची एक पायरी धरायची, तो हा आकडा. १०पासून ५०पर्यंत देता येतो, मूळचा १५. ३० ठेवला. आता सूची ओळीओळीने सरकते आणि वाचता येते.

हे एक्सऑर्ग.कॉन्फ.डी फोल्डरात "९०-टचपॅड.कॉन्फ" या फाईलमध्ये लिहिलं. सोबत टॅप चालू, एक-दोन-तीन बोटांना डावं-उजवं-मधलं बटण, टायपिंगच्या वेळी बंद. टॅपची ओळ मात्र एका मशीनवर लागू होईना. लॉगिन होताना क्षणभर टॅप चाले आणि मग बंद. एक्सऑर्ग फाईल नीट वाचतो, पण त्यानंतर एक्सएफसीईचा सेटिंग्जवाला प्रोग्रॅम उठतो आणि त्याच्या "पॉइंटर्स" चॅनेलमध्ये साठवलेली मूल्यं वरून लावतो. कधीतरी एक्सएफसीईच्या सेटिंगच्या खिडकीतून टॅप बंद केलं गेलं होतं, ते तिथे जपून ठेवलेलं. "एक्सएफकॉन्फ-क्वेरी"ने त्या उपकरणाच्या नोंदी पुसल्या, मग फाईलचं राज्य आलं.

यापुढे नियम: सगळ्या मशीनना लागू असलेलं फाईलमध्ये, व्यक्तीच्या आवडीचं एक्सएफसीईच्या खिडकीत, हाताच्या मोजमापाचं क्वर्क्समध्ये. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही.

९ ऑक्टोबर

नैसर्गिक स्क्रोलवर मतभेद. फोन वापरणाऱ्या मुलांना सूची बोटासोबत सरकायला हवी, गुरुजींना उलट. हे आवडीचं, म्हणून खिडकीत. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं केलं.

बाणाचा वेग उणे १ ते १ यामध्ये, गुरुजींना उणे ०.३. बाकी कुणी हात लावायला सांगितला नाही, लावला नाही.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळी मशीन एकदा तपासली. प्रत्येकावर तेच: डीबग चालू करायचं, जोडीची ओळ आहे ना ते बघायचं, मग पॅडवर एक बोट फिरवत ठेवून दुसऱ्या हाताने भराभर टाइप करायचं. कळा येत असताना पॅडची एकही घटना दिसता कामा नये. सगळीकडे तसंच आहे.

क्वर्क्सची फाईल, कीडीची फाईल आणि ९०-टचपॅड.कॉन्फ, तिन्ही वाचनालयाच्या पेनड्राइव्हवर मशीनच्या नावाने ठेवल्या. गुरुजींच्या फाईलवर "मोजून घ्या, नक्कल करू नका" अशी पहिली ओळ टिप्पणी म्हणून घातली आहे. ताईंच्या मशीनला नवीन कीबोर्ड मिळाला तर कीडी काढून टाकायचं, त्यासोबत क्वर्क्समधला त्याचा विभागही. नोंदवही क्रमांक चारपासून पुढचं काम सुट्टीनंतर.